चौऱ्याहत्तर वजा

शिंपीकाकांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बटणाच्या गोळ्या दे, पोरी. परवा सकाळपुरत्याच उरल्यात."

बटण हा त्यांचा कुत्रा. आणला तेव्हा ओंजळीत मावत होता, म्हणून बटण. पुढे तो चांगला अठरा किलोंचा झाला, पण ठेवलेलं नाव आणि पाडलेलं काज मागे घेता येत नाही, असं काकांचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी त्याला फिट येऊ लागल्या. मशीनखाली झोपलेला कुत्रा एकाएकी ताठ होऊन पाय झाडायला लागला, तेव्हा काकांनी गिऱ्हाइकाचा बेतलेला कोट त्याच्या डोक्याखाली सारला होता. तेव्हापासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी गोळी चालू होती, आणि गेल्या दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती.

दुकान तिचं होतं. फार्मासिस्ट तीच, काचा पुसणारीही तीच. तिने चिठ्ठी उचलली. कागद ओळखीचा, वर छापलेलं जनावरांच्या दवाखान्याचं नाव ओळखीचं, अक्षर मात्र परकं. पस्तीस वर्षं त्या कागदावर तिच्या बाबांचं अक्षर असायचं, उजवीकडे झुकलेलं, कुठेतरी निघाल्यासारखं. बाबा जाऊन दोन आठवडे झाले होते. दवाखाना आता नव्या डॉक्टरीणबाईंनी घेतला होता. त्यांचं अक्षर गोल आणि सुटं होतं, आणि त्यातला आकडा अगदी स्वच्छ वाचता येत होता. तीस मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

बटण साठ घ्यायचा.

"काका, संध्याकाळी येता का? काढून ठेवते."

"आहेत ना पण? तुझ्या कपाटाला कुलपं जास्त आणि आत माल कमी."

"आहेत," ती म्हणाली. काका निघून गेले.

ही गोळी सवय लागणाऱ्या औषधांतली, साध्या फळीवर ठेवायची नसते. ती कुलपाच्या कपाटात ठेवायची, एका चिठ्ठीवर एकाच महिन्याची द्यायची, दिलेली प्रत्येक गोळी रजिस्टरात लिहायची आणि चिठ्ठी फाइलला लावून जपायची. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. गावात तो तिच्या एकटीच्या दुकानाला होता; पुढचं दुकान बसने तासाभरावर. चिठ्ठीतला आकडा फार्मासिस्टला बदलता येत नाही. चुकीचा वाटला तर लिहिणाऱ्या डॉक्टरला फोन करायचा, त्यांनी मान्य केलं तर शेजारी तसं लिहून, वेळ घालून सही करायची. नियम शहाणा आहे. दोन माणसांनी एकच चूक एकाच वेळी करू नये, एवढाच त्याचा हेतू.

तिने फाइल काढली. बटणाच्या मागच्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावलेल्या होत्या. शेवटच्या पाच तिला पाठ होत्या. बाबांनी पंचेचाळीस लिहिलेलं, पुन्हा पंचेचाळीस, मग तीस, तीस, तीस. आणि प्रत्येकीच्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात: 'डॉक्टरांना फोन करून विचारले. ६० मि.ग्रॅ. मान्य.' खाली तारीख, वेळ, सही.

त्या पाचांतला एकही फोन तिने केला नव्हता.

पहिल्या वेळी तिने रिसीव्हर उचलला होता, हे खरं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बाबा जनावराचं वजन लिहायचे, तिथे पंधरा लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी अठरा होतं, मग सतरा. समोर उभ्या असलेल्या काकांना तिने विचारलं, बटण बारीक झालाय का? काका म्हणाले, बारीक कसला, माझी पोळीसुद्धा खातो, मीच बारीक झालोय. मग तिने रिसीव्हर ठेवून दिला. बाबांना चुका व्हायला लागल्या आहेत, असं तिला वाटलं. वय एकाहत्तर. मागच्याच वर्षी एका चिठ्ठीवर तारीख चुकली होती, ती तिने हसत हसत दाखवली, तर बाबा हसले नव्हते. "आता तू माझे पेपर तपासणार," एवढंच म्हणाले होते, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांच्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं शाळकरी पोरासारखी ठळक येत होती. ते बघवलं नव्हतं. म्हणून तिने ठरवलं की बाबांची चूक बाबांना न दाखवता दुरुस्त करायची. झाकली मूठ. साठची गोळी काढली, बाजूला ती ओळ लिहिली, सही केली. एकदा लिहिल्यावर दुसऱ्यांदा लिहायला काहीच लागत नाही.

हे दर महिन्याला चाललं. वजन पंधराचं तेरा झालं, बारा झालं, दहा झालं, नऊ झालं. बाबांचं गणित कोसळत चाललंय असं ती समजत राहिली. रविवारी जेवायला गेली की त्यांना मुद्दाम काहीबाही विचारायची, जुने फोन नंबर, कुणाच्या घोडीला कधी काय झालं होतं. बाबा सगळं बिनचूक सांगायचे. मग पाठ दुखते म्हणून ते इस्पितळात गेले आणि रिपोर्ट घेऊन परत आले. रिपोर्टात आजाराचं नाव होतं आणि तो किती पसरलाय ते होतं. त्यानंतर एकोणीस दिवस.

तिने फाइल पिशवीत घातली, दुकानाला कुलूप लावलं आणि निघाली.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. दुपारी एक ते चार बंद असतो, पण पडदा सरकवला की आत जाता येतं. खोली तशीच होती. कडा झिजलेलं स्टीलचं टेबल, साखळी अडकवायचा भिंतीतला हूक, मांजरांसाठी टेबलावरचा छोटा काटा आणि कोपऱ्यात जमिनीवरचा मोठा, गोल तबकडीचा आणि सुईचा. स्पिरिटचा आणि ओल्या केसांचा वास. मावशी स्टुलावर बसून गॉजच्या घड्या घालत होत्या. पंचवीस वर्षं त्या बाबांच्या हाताखाली होत्या; हाताखाली म्हणजे कागदावर, एरवी बाबाच त्यांच्या हाताखाली असायचे. नव्या डॉक्टरीणबाई टेबलाशी डबा खात होत्या. तिला पाहून त्यांनी झाकण लावलं.

बटणाचा डोस चुकलाय, असं तिने सरळ सांगितलं. बाईंनी उठून लांब लाकडी खणातून कार्ड काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. कार्डावर बाबांच्या अक्षरात तीस होतं. शेवटच्या तीन महिन्यांचं तीस, त्याआधी पंचेचाळीस. वजन नऊ.

"कार्डावर आहे ते लिहिलं," बाई म्हणाल्या. "गोळ्या संपत आल्यात म्हणून काका आले, मी चिठ्ठी दिली. जनावर न बघता द्यायला नको होती, ती माझी चूक. पण नऊ किलोंना तीस बरोबर आहे."

"तो साठ घेतोय. चार वर्षं."

"साठ कुठून आलं?"

तिने फाइल उघडून दाखवली. बाईंनी पाचही चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, बाजूच्या ओळींसकट. मावशींनी घड्या घालणं थांबवलं नाही, पण त्यांचे हात सावकाश चालायला लागले.

"म्हणजे तुम्ही दर वेळी फोन केलात," बाई म्हणाल्या, "दर वेळी डॉक्टरांनी साठ मान्य केलं, आणि दर वेळी कार्डावर मात्र कमीच ठेवलं. पाच वेळा."

तिने शेवटच्या चिठ्ठीची दुमडलेली कड सरळ केली.

बाई वाईट नव्हत्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की असं असेल तर इथलं कुठलंच कार्ड त्यांना खरं धरता येणार नाही. खणात चारशे कार्डं आहेत. दवाखाना घेताना त्यांनी ती जबाबदारीने ताब्यात घेतली, तशी सही केली. आता नोंदी विश्वासार्ह नाहीत असं डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयाला कळवावं लागेल. गेलेल्या माणसाविषयी लिहायला कुणाला आवडतं? पण उद्या एखादं जनावर दगावलं तर विचारणारा कार्ड कुणाचं होतं हे विचारणार नाही, औषध कुणी दिलं ते विचारेल. मग त्यांनी खणातून एक लिफाफा काढला. तो परवाच आला होता, बाबांच्या नावाने. औषध नियंत्रण कार्यालयाकडून. जखमेवरच्या एका इंजेक्शनात दम नाही, जनावरं बरी व्हायला दुप्पट दिवस लागतात, अशी तक्रार बाबांनी बॅच नंबर घालून केली होती. कार्यालयाने नमुना तपासला. औषध अगदी व्यवस्थित होतं.

"हे वाचून मला आधीच शंका आली होती," बाई म्हणाल्या.

"काय शंका आली?" मावशींनी विचारलं. आता त्यांचे हात थांबले होते. "डॉक्टरांनी फोनवर एक कबूल केलं आणि कार्डावर दुसरं ठेवलं, असं पंचवीस वर्षांत झालं नाही. फोन ठेवायच्या आधी ते कार्ड मागायचे. मी काढून द्यायची. तुझा फोन आला असता तर मला कळलं असतं की नाही?" हे शेवटचं त्या तिच्याकडे बघून बोलल्या.

समोर दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, म्हणजे पाचही ओळी खऱ्या ठरणार आणि दोष बाबांचा. बाबा येऊन काही सांगणार नव्हते. नाहीतर बोलावं, म्हणजे परवाना जाणार, कदाचित दुकानही.

"मी फोन केलाच नव्हता," ती म्हणाली. "एकदाही नाही. या ओळी मी मनाने लिहिल्या."

 बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं, तिचा आवाज आला.

"हे तुम्ही कुणासमोर बोलताय, कळतंय ना?" बाई म्हणाल्या. "मला ऐकून न ऐकल्यासारखं करता येणार नाही."

"म्हणूनच सांगतेय."

बाईंनी फाइल मिटून तिच्याकडे सरकवली. मग त्या कामाचं बोलल्या. बाकीचं नंतर. आधी कुत्रा नऊ किलोंचा आहे की अठरा, ते बघू. मावशी, शिंपीकाकांना बोलवा.

काका अर्ध्या तासात आले. म्हणजे आधी साखळी आली, मग ती ओढणारे काका, आणि सगळ्यात शेवटी, चारही पाय पुढे रोवून, बटण. दवाखान्याचा उंबरा त्याला माहीत होता. जमिनीवरच्या काट्यावर त्याला उभं करायचं म्हटलं तर तो पाण्यासारखा दोन्ही बाजूंनी ओघळून खाली येई. काका म्हणाले, हा माझ्या बाबतीतही असाच, मापाला उभाच राहत नाही.

"डॉक्टर कसं करायचे?" बाईंनी विचारलं.

"उचलून घ्यायचे," मावशी म्हणाल्या. "छोटी जनावरं टेबलावर. मोठी कुत्री शहाणी असतात, उभी राहतात. ही मधली नाठाळ. ती डॉक्टर छातीशी धरायचे आणि स्वतः काट्यावर चढायचे. मी सुई वाचायची."

बाईंनी चपला काढल्या, बटणाला उचललं आणि काट्यावर चढल्या. बटणाने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. उचलून घेतलेलं त्याला चालायचं. सुई हलली, थरथरली, थांबली.

"शहात्तर," मावशींनी वाचलं, आणि त्याच दमात, सवयीने, "चौऱ्याहत्तर वजा."

"म्हणजे दोन किलो?" बाई म्हणाल्या.

काका हसले. "आता झाला खरा बटण."

मावशीही हसल्या, तोंडावर हात घेऊन. जित्याची खोड, म्हणाल्या, चुकलंच, तुमचं वजन वजा करायला हवं. बाईंनी कुत्र्याला खाली ठेवलं आणि एकट्या परत काट्यावर चढल्या. अठ्ठावन्न. शहात्तरातून अठ्ठावन्न गेले, राहिले अठरा. बटण अठराचाच होता. काकांनी, मी सांगत होतोच, अशा चेहऱ्याने साखळी हाताला गुंडाळली.

"चौऱ्याहत्तर काय होतं?" तिने विचारलं.

"डॉक्टरांचं वजन," मावशी म्हणाल्या. "ते बघ, लिहिलेलं आहे."

काट्याच्या दांड्यावर, तबकडीच्या खाली, चिकटपट्टीचा एक तुकडा होता. त्यावर बाबांच्या अक्षरात ७४. शाई पुसट झाली की पुन्हा त्याच रेषांवरून पेन फिरवलेलं, त्यामुळे आकडा जाडजूड झाला होता. ती लहानपणापासून या खोलीत येत होती. तो आकडा तिने शंभरदा पाहिला असेल. काट्याचा नंबर असेल असं तिला वाटायचं.

"दर वेळी ते एकटे चढून बघायचे नाहीत? आत्ता बाई चढल्या तसे?"

"कशाला? त्यांचं चौऱ्याहत्तर ठरलेलं. लग्नात चौऱ्याहत्तर होतो आणि आजही आहे, असं सगळ्यांना ऐकवायचे. मी सुई वाचायची, ते मनातल्या मनात वजा करून सांगायचे, मी कार्डावर लिहायची."

तिने फाइल टेबलावर उघडली. पाच चिठ्ठ्यांचे कोपरे. पंधरा, तेरा, बारा, दहा, नऊ. बटण सगळा वेळ अठराच होता. कुत्रा तोच, काटा तोच, वजाबाकी तीच. मग सुई खाली कशाने आली? तिने चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलं. पंधरा आणि चौऱ्याहत्तर मिळून एकोणनव्वद, त्यातून अठरा गेले, राहिले एकाहत्तर. पुढच्या महिन्यात एकोणसत्तर. मग अडुसष्ट. मग सहासष्ट. शेवटच्या चिठ्ठीच्या दिवशी पासष्ट.

बाबांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांचं एकही गणित चुकलं नव्हतं.

बाईंनी तिच्या खांद्यावरून आकडे पाहिले. त्या डॉक्टर होत्या, त्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. मावशींना लागलं. समजल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटी शेवटी उचलताना धापा टाकायचे. मी म्हणायची, मी धरते. तर म्हणायचे, तुमचं वजन मला पाठ नाही."

काका दाराशी उभे होते. आत काय चाललंय ते त्यांनी ऐकलं होतं. "मला वजनातलं कळत नाही," ते म्हणाले. "शिंप्याला कंबर कळते. डॉक्टरांच्या पँटी मी दोनदा आत घेतल्या. दुसऱ्या वेळी चांगली दोन इंच. म्हणाले, गोड सोडलंय. पोरीला सांगू नका, ती उगाच तपासण्या मागे लावेल." मग त्यांनी विचारलं, "मी सांगायला हवं होतं का, पोरी?"

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्हाला कमरेचे दोन आकडे माहीत होते. माझ्याकडे पाच होते."

पुढची दोन तासांची दुपार कामात गेली, आणि ते बरंच झालं. बाईंनी बटणाची चिठ्ठी नव्याने लिहिली, वजन अठरा, साठ मिलिग्रॅम. मग चारशे कार्डांतून मधली नाठाळ कुत्री वेगळी काढायची होती, गेल्या सात-आठ महिन्यांत बाबांनी छातीशी धरून वजन केलेली. मावशींना एकूण एक आठवत होती. एकतीस निघाली. सगळ्यांना औषध कमी गेलं होतं, पहिल्यांना थोडं आणि शेवटच्यांना निम्म्याच्या आसपास. म्हणून जखमा भरायला वेळ लागत होता, म्हणून इंजेक्शनात दम नव्हता. सुदैवाने त्यातलं कुणी दगावलं नव्हतं. बाई एकेकाच्या मालकाला फोन करून बोलावत होत्या, वजन पुन्हा घ्यायचंय म्हणून. फोन ठेवला की कार्डावर तारीख घालत होत्या.

चिकटपट्टी काढून टाकावी, असं बाईंनी सुचवलं. इथून पुढे जो उचलेल त्याने आधी एकट्याने चढायचं, रोज, प्रत्येक वेळी. मावशींनी नखाने कोपरा उचलला, पण ती इतकी जुनी होती की तुकड्या-तुकड्यानेच निघत होती. शेवटी त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला.

ती ते बघत उभी राहिली. तिच्या मनात एकच हिशोब फिरत होता आणि त्यात कुठे चूक सापडत नव्हती. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी बाबा एकाहत्तर किलोंचे होते. त्या दिवशी तिने उचललेला रिसीव्हर ठेवला नसता आणि विचारलं असतं, बाबा, बटण पंधराचा कसा झाला, तर ते चिडले असते. चिडून म्हणाले असते, घेऊन या त्याला, परत करतो वजन. पुन्हा पंधराच आलं असतं. मग त्यांनी काट्यालाच दोष दिला असता, आणि काटा तपासायला एकटे चढले असते. ते वाचले असते का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण एकोणीस दिवसांऐवजी पाच महिने मिळाले असते.

निघताना बाईंनी विचारलं की नोंदणी कार्यालयाला त्यांनी लिहावं की ती स्वतः लिहिणार. ती म्हणाली, मी लिहिते, औषध नियंत्रण कार्यालयालाही. मावशी तिला पडद्यापर्यंत सोडायला आल्या.

"फोनचं लिही, ते लिहावंच लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण चौऱ्याहत्तरचं कशाला? एवढी वर्षं नाव कमावलं माणसाने. गेल्यावर त्याच्या वजाबाकीचा बभ्रा कशाला?"

"मावशी, ते नाही लिहिलं तर आकडे का घसरले हे लोकांना कळणार नाही. ते म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं गेलं होतं. मीही तेच म्हणत होते."

मावशींनी थोडा विचार केला. "मग लिही," म्हणाल्या. "आणि हेही लिही की वजाबाकी बरोबर होती."

संध्याकाळी काका आले. तिने कपाट उघडलं, साठच्या साठ गोळ्या मोजून दिल्या आणि रजिस्टरात ओळ लिहिली. जुन्या पाच नोंदी खोडल्या नाहीत, खोडायच्या नसतातच. प्रत्येकीच्या शेजारी तिने लाल शाईने लिहिलं, 'फोन केला नव्हता', आणि आजची तारीख घालून सही केली. मग पत्र लिहायला बसली. दीड पान झालं.

औषध नियंत्रण कार्यालयाने तिला दोन महिन्यांनी बोलावलं. लांबट खोली, लांबट टेबल, तीन माणसं. त्यांनी पत्र वाचलेलं होतं. मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं की डोस योग्य होता, जनावराला काही झालं नाही, मग फोन करण्यात अडचण काय होती? वडिलांना चूक दाखवायची नव्हती, असं तिने सांगितलं. त्यांच्या शेजारच्या महिलेने ते लिहून घेतलं. आणखी काही सांगायचंय का, विचारलं. ती नाही म्हणाली. कुलपाच्या कपाटाचा परवाना सहा महिने बंद झाला. दुकान राहिलं. एका माणसाने येऊन कपाट सील केलं, आतला साठा मोजून नेला आणि पावती दिली. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. कुणी विचारलं होतं का हिला?

आता बटणाच्या गोळ्यांसाठी बसने तासभर जावं लागणार होतं. काकांना गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नव्हती. म्हणून दर महिन्याला त्यांची सही असलेलं पत्र आणि बाईंची चिठ्ठी घेऊन ती जाऊ लागली.

पहिल्यांदा गेली तेव्हा त्या दुकानात रांग होती. काउंटरच्या या बाजूला ती शिकाऊ दिवसांनंतर कधी उभी राहिली नव्हती. पुढे चौघं होते. काचेपलीकडचा फार्मासिस्ट जाडसर, सावकाश माणूस होता. कुणाचंही औषध देताना तो चिठ्ठी दोनदा वाचायचा आणि रांगेतले लोक पाय बदलायचे. तिची पाळी आल्यावर त्याने पत्र पाहिलं, चिठ्ठी पाहिली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने आपण कोण ते सांगितलं नाही.

"कुत्र्यासाठी?"

"हो."

"अठरा किलो. साठ, दोनदा." त्याने थोडा विचार केला. "चालेल खरं तर. पण हा कुत्रा माझ्याकडे पहिल्यांदाच आलाय. डॉक्टरांना एकदा विचारतो."

मागून कुणीतरी च्च केलं. फार्मासिस्टने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने चिठ्ठीवरचा नंबर बोटाने धरून फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावला. भिंतीवर घड्याळ होतं. तिने नकळत काट्याकडे पाहिलं. घंटी वाजत होती, बाईंनी फोन उचलला, त्याने विचारलं, हो हो म्हणाला, वजन कधी घेतलं तेही विचारलं, धन्यवाद म्हणाला, ठेवला. मग चिठ्ठीच्या बाजूला एक ओळ लिहिली, घड्याळ बघून वेळ घातली आणि सही केली.

"झालं," तो म्हणाला. "सॉरी हं, थांबवलं."

"नाही," ती म्हणाली. "दीड मिनिट लागलं."